गाडी तापणे आणि सर्व्हिस सेंटरचे बिल: आपले अनुभव लिहा

गेल्या काही महिन्यांत ओळखीच्या तीन-चार घरांत मी एकच तक्रार ऐकली. गाडी तापली, सर्व्हिस सेंटरला नेली, बिल भरले, पण नेमके काय बिघडले होते ते शेवटपर्यंत समजले नाही. इंजिन थंड ठेवणाऱ्या यंत्रणेत रेडिएटर, पंखा, वॉटर पंप, थर्मोस्टॅट (तापमानानुसार पाण्याचा मार्ग उघडणारी झडप), होज पाईप आणि टोपण असे मोजकेच भाग असतात. तरीही त्यांतल्या बिघाडापायी कुणाचे चारशे रुपये जातात, तर कुणाचे पन्नास हजार. हा फरक बिघाडामुळे पडतो की तपासणीमुळे, हे एकमेकांच्या अनुभवांवरून कळावे म्हणून हा धागा काढत आहे. लिहिताना गाडी किती चालली होती, लक्षण काय होते आणि बिलात काय लावले होते हे कृपया नोंदवावे. कंपनीचे व सर्व्हिस सेंटरचे नाव घेऊ नये, म्हणजे चर्चा बिघाडावरच राहील.

सुरुवात माझ्यापासून करते. मे २०२३ मध्ये आम्ही पुण्याहून कोल्हापूरला निघालो होतो. गाडी पेट्रोलची, ७१,००० किलोमीटर चाललेली. खंबाटकी घाट चढताना तापमानाचा काटा मध्यावरून वर सरकू लागला. एसी बंद केला, इंजिनची उष्णता बाहेर पडावी म्हणून हीटर पूर्ण सुरू केला आणि पहिली सुरक्षित जागा मिळताच गाडी बाजूला घेतली. वरचा होज हाताला कोमट लागेपर्यंत, म्हणजे जवळजवळ पाऊण तास, टोपणाला हात लावला नाही. घाईने टोपण उघडून उकळते पाणी अंगावर घेतलेला माणूस मी लहानपणी पाहिला आहे. मग पिण्याच्या पाण्याच्या दोन बाटल्या ओतून हळूहळू साताऱ्यापर्यंत पोहोचलो.

तिथल्या सर्व्हिस सेंटरने ३१,६०० रुपयांचे एस्टिमेट दिले. त्यात रेडिएटर, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, सगळे होज, कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) आणि मजुरी असे सर्व काही होते. गळती नेमकी कुठून होते आहे, असे विचारल्यावर अ‍ॅडव्हायझर म्हणाले, “मॅडम, एवढ्या चाललेल्या गाडीचे सगळे एकदम बदललेले बरे.” मी प्रेशर टेस्ट करण्याचा आग्रह धरला. रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून दाब दिल्यावर पाचच मिनिटांत प्लास्टिकची टाकी आणि अ‍ॅल्युमिनियमची जाळी यांच्या सांध्यावर थेंब जमू लागले. वॉटर पंप कोरडा होता, म्हणजे गळत नव्हता, आणि थर्मोस्टॅट व्यवस्थित उघडत होता. शेवटी रेडिएटर, टोपण आणि कूलंट एवढेच बदलले व बिल १३,८५० रुपये झाले. सर्व्हिस सेंटर तेच, माणसे तीच आणि मी भावात एक रुपयाचीही घासाघीस केली नाही. फरक पडला तो केवळ त्या पाच मिनिटांच्या तपासणीने.

सोलापूर

ताई, माझा अनुभव उलट बाजूचा आहे आणि तो लिहिणे मला आवश्यक वाटते. माझी डिझेल गाडी भाड्याने चालते. ९४,००० किलोमीटरला ती अधूनमधून तापू लागली, तेव्हा सर्व्हिस सेंटरने थर्मोस्टॅट बदलण्याचे २,९०० रुपये सांगितले. मला ते महाग वाटले. ओळखीच्या मिस्त्रींनी थर्मोस्टॅट काढूनच टाकला आणि “आता तापणार नाही” म्हणून बोअरचे पाणी भरून दिले. गाडी खरोखरच तापेनाशी झाली. मात्र इंजिन नीट गरम व्हायला फार वेळ लागायचा आणि सरासरी घसरली. आमच्याकडचे पाणी किती जड असते ते घरातल्या गीझरची कॉइल पाहून कळते. तोच क्षार दोन वर्षे रेडिएटरच्या नळ्यांमध्ये साचत राहिला. एप्रिलच्या एका दुपारी तुळजापूर रस्त्यावर काटा लाल खुणेला टेकला. गाडीत भाडे असल्यामुळे मी ती आणखी सहा-सात किलोमीटर तशीच रेटली. हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा भाग यांच्यामधली सील) गेले आणि हेड वाकले. ते उतरवून लेथवर फेस मारून (घासून सपाट करून) घ्यावे लागले, रेडिएटर नवा घ्यावा लागला. एकूण ४६,००० रुपये गेले आणि अकरा दिवस गाडी उभी राहिली, त्या भाड्याचा हिशेब वेगळाच. तो सल्ला चुकीचा होता, पण काटा लाल खुणेला असताना गाडी न थांबवणे ही चूक पूर्णपणे माझी होती.

नागपूर

लक्षण: सिग्नलला उभे असताना काटा चढायचा, महामार्गावर सगळे ठीक असायचे. पंख्याची मोटर बदलण्याचे ९,२०० रुपये सांगितले होते. चौकातल्या इलेक्ट्रिशियनने मोटरला थेट बॅटरीवरून वीज दिली, तर पंखा सुरळीत फिरला. पंख्याला वीज देणारा रिले (विजेवर चालणारा स्विच) बदलला, ३८० रुपये लागले. त्यानंतर दोन उन्हाळे गेले, तक्रार नाही.

चिपळूण

माझे गेली २६ वर्षे गॅरेज आहे, त्यामुळे दोन्ही बाजू थोड्या मांडतो. सर्व्हिस सेंटर पूर्ण जोडणी बदलते यामागे प्रत्येक वेळी लबाडी असते असे नाही. रेडिएटरची टाकी सुटी मिळत नाही, झाळलेल्या सांध्याची हमी देता येत नाही आणि गाडी पुन्हा कुंभार्ली घाटात बंद पडली तर ग्राहक त्यांनाच जाब विचारतो. ज्या गाड्यांचा वॉटर पंप टायमिंग बेल्टवर (इंजिनचे भाग एका लयीत फिरवणाऱ्या पट्ट्यावर) चालतो, त्यांचा बेल्ट बदलतानाच पंप बदलणे शहाणपणाचे असते, कारण मजुरी एकदाच लागते. मात्र गळती न शोधता भागांची यादी पुढे करणे चुकीचेच आहे.

टोपणाकडे कुणी लक्ष देत नाही, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहितो. निम्मे कूलंट आणि निम्मे डिस्टिल्ड वॉटर हे मिश्रण उघड्यावर साधारण १०७ अंशांना उकळते; टोपणाने सुमारे १ बारचा जादा दाब धरून ठेवला, तर तोच उत्कलनबिंदू १२५ अंशांच्या पुढे जातो. टोपणाचे रबर कडक झाले की दाब टिकत नाही, मिश्रण लवकर उकळते आणि कूलंटच्या टाकीतून बाहेर येते. मालकाला वाटते रेडिएटर गेला, प्रत्यक्षात गेलेले असते ते दोन-चारशे रुपयांचे टोपण. कूलंटच्या रंगावरून त्याची जातही ठरवू नका. पुस्तिकेत जे लिहिले आहे तेच भरा.

हेड उतरवण्याआधी एक रासायनिक चाचणी करून घ्या. टाकीच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी ठेवतात. सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये शिरत असेल तर तो द्रव पिवळा पडतो. आणि जुने सुटे भाग मागून घ्या. बिलात लावलेला पंप हातात घेऊन पाहणे हा तुमचा हक्क आहे.

ठाणे

माझी गाडी पावणेतीन वर्षांची, वॉरंटीत असलेली. वॉटर पंप गळू लागला, पण मध्यंतरी बाहेरच्या गॅरेजमध्ये कूलंट बदलून घेतले होते म्हणून दावा नाकारला गेला. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ वाहन कंपन्यांविरुद्ध जो आदेश दिला, त्यात केवळ बाहेर काम करून घेतले म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असे म्हटले होते. काही कंपन्या त्याविरुद्ध अपिलात गेल्या; तरी या भूमिकेचा आधार घेऊन मी कंपनीला लेखी विचारले की कूलंट बदलल्याने पंपाचे सील कसे बिघडले ते जॉबकार्डवर लिहून द्यावे. सोबत कूलंटच्या खरेदीची पावती जोडली आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. नवव्या दिवशी पंप विनामूल्य बदलून मिळाला, कूलंटचे पैसे मात्र मी दिले. जाता जाता: २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरचा जीएसटी १८ टक्के झाला आहे, पूर्वी बहुतेक भागांवर तो २८ टक्के होता. जुने एस्टिमेट घेऊन ठेवले असेल तर ते पुन्हा काढून घ्यावे.

म्हापसा

चिपळूणच्या दादांचे मनापासून आभार मानायचे आहेत. आईच्या गाडीतले कूलंट दर आठवड्याला कमी होत होते, पण खाली थेंबही दिसत नव्हता. हेड गॅस्केटचा संशय धरून आम्हाला ६२,००० रुपयांचे एस्टिमेट दिले गेले होते. वरचे वाचून ती निळ्या द्रवाची चाचणी करून घेतली. द्रव निळाच राहिला. मग आईनेच सांगितले की गाडीत गोडसर वास येतो आणि काचेवर आतून तेलकट धुके धरते. शेजारच्या सीटपुढची मॅट उचलली, तर खालचा गालिचा भिजलेला होता. गळत होता तो डॅशबोर्डच्या आतला हीटरचा छोटा रेडिएटर. तो बदलायचा तर अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो आणि नुसती मजुरीच १८,००० रुपये सांगतात. सध्या हीटरकडे जाणारे दोन्ही होज एकमेकांना जोडून घेतले आहेत, कारण गोव्यात हीटरवाचून अडत नाही आणि पावसाळ्यात काचेवरचे धुके एसीने निघते. आई रोज सकाळी इंजिन थंड असताना टाकी पाहते. पाच आठवडे झाले, पातळी खुणेवरून हललेली नाही.