उत्तर: पवईत तलावासमोरचा रीसेल फ्लॅट

वरती 'तलाव दिसतो म्हणून जास्त पैसे मोजावेत का' असं विचारलंय. मोजा, पण आधी समोरच्या मोकळ्या प्लॉटवर काय येऊ शकतं ते पालिकेच्या विकास आराखड्यात, म्हणजे डीपी २०३४ मध्ये बघा. दृश्य करारनाम्यात लिहिलेलं नसतं. पुढे टॉवर उभा राहिला तर तक्रार कोणाकडे करणार?

फ्लॅट एकदा भर पावसात आणि एकदा मे महिन्यात संध्याकाळी बघाच. पावसाळ्यात वाऱ्याच्या तोंडावरच्या भिंती ओल धरतात. खिडकीच्या चौकटीखालचा कोपरा आणि बीमची खालची बाजू हाताने चाचपा: पांढरी क्षाराची पूड लागली, किंवा तेवढाच पट्टा नवा रंगवलेला दिसला, की ओल आहे असं समजा. उन्हाळ्यात जलपर्णी, डास आणि वास. (मगरी आहेत, पण त्या लिफ्टने वर येत नाहीत.)

इमारत तीस वर्षांच्या वर असेल तर स्ट्रक्चरल ऑडिटचा (इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा) अहवाल सोसायटीकडून मागून घ्या. सोबत ओसी (इमारत वापरायला पालिकेचा दाखला), कन्व्हेयन्स (जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर झाल्याचा दस्त), थकबाकी नसल्याचं पत्र. ट्रान्सफर प्रीमियमची, म्हणजे फ्लॅट तुमच्या नावावर करताना सोसायटी घेते त्या रकमेची, कमाल मर्यादा २५,००० रुपये आहे; वर 'डोनेशन' मागितलं तर सरकारचं परिपत्रक दाखवा.

मुंबईत मुद्रांक शुल्क ६ टक्के, घर फक्त बाईच्या नावावर असेल तर ५. नोंदणी ३०,००० रुपये. पन्नास लाख किंवा त्यावरच्या व्यवहारात १ टक्का टीडीएस (विकणाऱ्याच्या रकमेतून कापून भरायचा आयकर) तुम्हीच कापायचा. विकणारा अनिवासी असेल तर हा १ टक्क्याचा नियम लागत नाही, कपात बरीच जास्त असते. टोकन देण्यापूर्वीच विचारा, नंतर वाद होतात.