डिनर रात्रीचंच का?

पोटोबा:
डिनर म्हणजे रात्रीचं जेवण, असं शाळेत आपल्याकडून घोकून घेतलं. माझ्या मते ते अर्धवट आहे. डिनर म्हणजे दिवसातलं मुख्य जेवण, मग ते केव्हाही असो. शब्द आला जुन्या फ्रेंचमधून, तिथे लॅटिनमधून, आणि मुळात अर्थ ‘उपास सोडणे’. म्हणजे चक्क सकाळचं पारणं! इंग्लंडात शेकडो वर्षं डिनर दिवसाढवळ्याच व्हायचं. रोजनिशीकार सॅम्युएल पेप्स १६६०च्या दशकात लंडनमध्ये भर दुपारी डिनर करत असे.

शब्दशहा:
व्युत्पत्ती मान्य, निष्कर्ष अमान्य. इतिहासच धरायचा तर सकाळच्या पोह्यांना डिनर म्हणा की! हॉटेलच्या पाटीवर ‘डिनर बुफे’ वाचून दुपारी एकला जाऊन बघा, कोण वाढतंय ते. लोक आज जो अर्थ घेतात तोच खरा.

लीड्सची सून:
कुठले लोक, शब्दशहा? इथे उत्तर इंग्लंडात अजून कित्येक घरांत दुपारच्या जेवणालाच डिनर म्हणतात. शाळेत मुलांना दुपारी वाढणाऱ्या बायका ‘डिनर लेडी’. आणि संध्याकाळचं जेवण म्हणजे ‘टी’! शेजारणीने टीला बोलावलं तर चहा-बिस्किटं समजून घरून जेवून जाऊ नका.

शब्दशहा:
ताई, ही बोलीभाषा झाली. प्रमाण इंग्रजीचं काय?

पोटोबा:
प्रमाण इंग्रजी बोलणाऱ्यांच्या घरीही ख्रिसमस डिनर बहुधा दुपारीच असतं. तिथे मुख्य जेवण हाच अर्थ लागतो.

शब्दशहा:
सणावारी जुने शब्द टिकतात. त्यावरून रोजचा अर्थ ठरत नाही.

क्वेबेकवासी:
आमच्याकडचे, म्हणजे कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातले, फ्रेंच बोलणारे सकाळी ‘देज्यूने’, दुपारी ‘दीने’ आणि संध्याकाळी ‘सुपे’ म्हणतात. डिनर, दीने, देज्यूने सगळे एकाच लॅटिन मुळाचे. पॅरिसमध्ये मात्र देज्यूने दुपारवर गेलं, दीने रात्रीवर, आणि सकाळ रिकामी राहिली म्हणून ‘छोटं देज्यूने’ आलं. माझं मत पोटोबांच्या विरुद्ध: शब्दाला ना वेळ चिकटलेली, ना जेवणाचा आकार.

लीड्सची सून:
इंग्लंडातही तसंच सरकलं. आधी बड्या घरांनी डिनर उशिरा नेलं, पुढे कारखाने-कचेऱ्यांमुळे माणसं दुपारी घरी येईनाशी झाली. मधल्या भुकेला लंच आलं. उत्तरेतल्या कामकरी घरांनी दुपारच्या जेवणाचं नाव बदललंच नाही, तर ती बोली आणि लंडनचं तेवढं प्रमाण?

शब्दशहा:
बरं. पण मराठीत भाषांतर करताना काय लिहू? ‘मुख्य जेवण’ लिहिलं तर संपादक परत पाठवेल.

पोटोबा:
आधी गोष्ट कुठल्या गावातली ते बघा, मग लिहा.