कोलोसियम: गाइडेड टूर घ्यावी की आपापलं बघावं?

पांथस्थ:
मे अखेरीस रोममध्ये एकच पूर्ण दिवस हाताशी आहे. आम्ही दोघे, नऊ वर्षांची मुलगी आणि सत्तरीचे आई-बाबा. आईला गुडघ्यांचा त्रास आहे. कोलोसियमची टूर घ्यावी का, घेतली तर कोणती? तिकिटांचे इतके प्रकार दिसताहेत की काही कळेनासं झालंय.

दगडफूल:
तळघर बघायचं असेल तर टूर घ्याच. फक्त वरचे मजले बघायचे तर ऑडिओ गाइड पुरतो. वरून तळघर म्हणजे नुसता भिंतींचा गुंता दिसतो. खाली उतरून कोणी दाखवलं तरच फरशीतली गोल भोकं लक्षात येतात. त्यांत उभे लाकडी चरक बसवलेले असत. माणसं ते फिरवायची आणि दोर गुंडाळला जाऊन जनावराचा पिंजरा वर रिंगणात जायचा. अशा एका लिफ्टची लाकडी प्रतिकृती २०१५ साली तिथे उभारली आहे. मुलीला ती नक्की आवडेल.

साधं तिकीट १८ युरोचं, २४ तास चालतं, त्यात शेजारचं फोरम (प्राचीन रोमच्या मुख्य चौकाचे अवशेष) आणि पॅलेटाइन टेकडी येते. रिंगण किंवा तळघर हवं तर 'फुल एक्सपिरियन्स', ते २४ युरोपासून, दोन दिवस चालतं. गाइडचे पैसे वेगळे. दर बदलतात, बुक करताना पुन्हा बघा. अठराखालच्यांना पैसे पडत नाहीत, पण तिकीट काढावंच लागतं. विक्री साधारण ३० दिवस आधी खुली होते आणि तळघराची तिकिटं सगळ्यांत आधी संपतात, म्हणून आधी अधिकृत संकेतस्थळ बघा. तिथे मिळालं नाही तरच खासगी टूर.

तिकिटावर प्रत्येकाचं नाव असतं आणि दारात ओळखपत्राशी ताडून बघतात. आपल्याकडे बऱ्याच पासपोर्टांवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं. पासपोर्टवर आहे तसंच भरा आणि मूळ पासपोर्ट सोबत ठेवा.

पांथस्थ:
धन्यवाद! खासगी टूर घ्यावी लागली तर काय तपासू?

दगडफूल:
नेमकं कुठे उभं करणार, ते. 'अरीना व्ह्यू' म्हणजे बहुतेकदा वरून रिंगण दाखवणं, रिंगणावर पाय ठेवणं नव्हे. गटात माणसं किती, कानात लावायचं यंत्र देतात का आणि भेटायची जागा कुठे, हेही विचारा. प्रवेशाची वेळ ठरलेली असल्यामुळे उशीर झाला तर गट थांबत नाही. 'रांग टाळा' असं लिहिलेलं असलं तरी सुरक्षा तपासणी कोणालाच टळत नाही. मोठ्या बॅगा आणि काचेच्या बाटल्या आत नेता येत नाहीत, सामान ठेवायची सोयही नाही. महिन्याचा पहिला रविवार फुकट असतो, पण गर्दी पाहता आई-बाबांना त्या दिवशी नेऊ नका.

रानवाट:
आईंसाठी: जिन्यांच्या पायऱ्या उंच आहेत. वर जायला लिफ्ट आहे, दारातल्या कर्मचाऱ्यांना आधीच सांगा. तळघराच्या टूरमध्ये जिने किती, ते बुकिंगआधी विचारून घ्या. सकाळची पहिली वेळ गाठा, दुपारी दगड तापतो आणि सावली फक्त कमानींखाली. तेर्मिनी या मुख्य रेल्वे स्थानकाहून मेट्रोच्या बी लाइनने दुसरं स्टेशन.

आत शिरण्याआधी पूर्वेकडच्या टोकाला जा. बाहेरची भिंत तुटते तिथे १८०७ च्या सुमाराला बांधलेला विटांचा भक्कम टेकू आहे. शेजारच्या कमानींचे दगड निसटू लागले होते. ते जागेवर न बसवता, निसटलेल्या अवस्थेतच कमानी विटांनी बुजवून टाकल्या. अर्धवट खाली सरकलेला दगड आजही तसाच अडकलेला दिसतो. दक्षिणेची बाहेरची भिंत १३४९ च्या भूकंपात कोसळली, कारण त्या बाजूची जमीन गाळाची आहे. इतकं महत्त्वाचं असूनही बऱ्याच टूर तिथे नेतच नाहीत.

फोरममधले रस्ते ओबडधोबड काळ्या दगडांचे आहेत, गुडघ्यांना फार वाईट. आई-बाबांना कॅपिटोलाइन टेकडीच्या मागच्या कठड्यावरून दाखवा, तिकीट लागत नाही आणि सगळं फोरम समोर दिसतं. तुम्ही मुलीला घेऊन सान ग्रेगोरिओ रस्त्यावरच्या दारातून पॅलेटाइनवर चढा आणि फोरमकडे उतरा. त्या दारात रांग बहुधा कमी असते.