मदत हवी आहे : ओसरीतली शहाबादी आणि आतल्या टाइल्स, चौकटीत जोडायच्या कशा?

नमस्कार मंडळी. चोपडा तालुक्यात आमचं जुनं घर आहे. मातीच्या भिंती, वर धाबं, म्हणजे मातीचंच सपाट छप्पर. ओसरी, मधली खोली, स्वयंपाकघर असं सगळं एका रांगेत, रेल्वेच्या डब्यांसारखं. पुढच्या दारात उभं राहिलं की मागच्या अंगणातली तुळस दिसते. म्हणजे तिन्ही खोल्यांची जमीन एकाच नजरेत येते, आणि अडचण तिथेच आहे.

ओसरीत आजोबांच्या वेळची शहाबादी आहे. ती काढायची नाही. दिवाळीच्या सुमारास कापूस घरात येतो तो भाव वाढायची वाट बघत होळीपर्यंत ओसरीतच पडून. गाठोडी ओढा, वजनकाटा आपटा, त्या फरशीला ढिम्म होत नाही. शिवाय वैशाखात दुपारी तिच्यावर नुसती चादर टाकून झोपता येतं, हे ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको.

मधल्या खोलीत कोबा आहे, भेगाळलेला. स्वयंपाकघरात बारा-पंधरा वर्षांपूर्वीची पांढरी चकचकीत सिरॅमिक, फूट बाय फूट. तिच्यावर पाणी सांडलं की माणूस थेट मोरीत. जानेवारीत आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, सध्या वॉकर घेऊन चालते. म्हणून या दोन खोल्यांत २ बाय २ फुटांची मॅट (चकाकी नसलेली) व्हिट्रिफाइड टाइल टाकायचं ठरवलंय. मधली खोली १० बाय १४, स्वयंपाकघर १० बाय १२.

आता लेव्हल. मधली खोली ओसरीपेक्षा दीड इंच वर आहे. स्वयंपाकघर मधल्या खोलीपेक्षा अर्धा इंच खाली. ओसरी आणि मधल्या खोलीच्या मध्ये सागवानी उंबरा होता, तो वाळवीने खाल्ला म्हणून काढला. तिथे आता नुसती माती दिसतेय. दार नाही, चौकटीला पडदा आहे.

एक मिस्त्री म्हणतो, काहीच फोडू नका, आहे त्यावर केमिकलने (टाइल चिकटवायच्या तयार मसाल्याने) चिकटवून देतो. दुसरा म्हणतो सगळं फोडा. बहीण म्हणते शहाबादीच्याच रंगाच्या टाइल्स घे म्हणजे जोड कळणार नाही. आई म्हणते उंबरा हवाच. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहिणी माहेरी येणार, त्याआधी काम उरकायचंय. काय करू?

प्रतिसाद :

भाऊ, रंग जुळवायच्या फंदात पडू नका. शहाबादी हा खाणीतला दगड, एका लादीत निळसर झाक तर शेजारच्या लादीत पिवळट. कारखान्यातली टाइल त्याच्या जवळ जाते पण जुळत नाही, आणि ‘जवळपास’ सारखी दिसणारी फरशी चुकल्यासारखी वाटते. आतमध्ये सरळ वेगळा रंग घ्या, फिका बिस्किटी वगैरे. फक्त पांढरा नको, पावसाळ्यात काळी माती पायाला चिकटून आत येणारच.

प्रतिसाद :

दोन्ही मिस्त्री अर्धे बरोबर आहेत. टाइल ९ मिलिमीटर, खाली केमिकलचा थर ३-४, म्हणजे वरून चिकटवलं की जमीन अर्धा इंच वर येते. स्वयंपाकघर अर्धा इंचच खाली आहे ना? तिथे जुन्यावरच चिकटवा. पण आधी प्रत्येक टाइल नाण्याने वाजवून बघा, बद्द आवाज आला ती काढून खड्डा भरून घ्या. मागचं दार खालून रंधावं लागेल आणि मोरीकडचा उतार तपासा.

मधल्या खोलीत मात्र कोबा फोडा आणि आहे त्याच उंचीला टाइल आणा. मग या दोन खोल्या एका पातळीत, एकच टाइल सलग, मध्ये पट्टीसुद्धा नको. व्हिट्रिफाइड पाणी जवळजवळ पीत नाही, नुसत्या कोरड्या मालावर ती धरत नाही. स्लरी (पातळ कालवलेलं सिमेंट) किंवा केमिकल हवंच. आणि दोन टाइल्समध्ये फट राहावी म्हणून २ मिलिमीटरचा स्पेसर घाला. आपल्याकडच्या ४५ डिग्रीत टाइलला टाइल खेटून बसवली की फुगून तंबू होतो, माझ्या घरी झालाय.

खोके मोजून घ्या. तुमचं क्षेत्र २६० चौरस फूट, खोक्यात साधारण साडेपंधरा फूट भरतं. दुकानदार १७ सांगेल, तुम्ही १९ घ्या, एकाच बॅचचे. नंतर आणलेल्या खोक्याचा शेड बदललेला असतो.

प्रतिसाद :

आईंना सांगा, पूजेचा उंबरा पुढच्या दाराचा. हळद-कुंकू तिथेच लागतं. आतल्या चौकटीत वॉकरवाल्या माणसासमोर तीन इंचांचं लाकूड कशाला? तुमची भिंत किती जाड आहे?

मूळ धागाकर्ता :

ताई, तुमच्या प्रश्नानेच काम झालं. टेप लावला, भिंत बरोबर अठरा इंच. म्हणजे चौकटीत अठरा इंचांची जागा आहे आणि चढायचंय दीड इंच. बारा इंचांना एक इंच, व्हीलचेअरच्या रॅम्पचा जो उतार सांगतात तोच! तिथे काळ्या ग्रॅनाइटची एकच अखंड लादी उतरती बसवायची, पॉलिश न केलेली. शहाबादी त्या लादीला येऊन थांबेल, टाइल वरच्या कडेला. जोड लपवायचाच नाही.

मिस्त्रीला सांगण्याआधी काल संध्याकाळी चौकटीत लाकडी फळी त्याच उतारावर टेकवली, खाली विटेचे तुकडे घातले आणि आईला वॉकर घेऊन तीन वेळा जा-ये करायला लावली. पहिल्यांदा तिने चौकट धरली. तिसऱ्यांदा नाही धरली. म्हणाली, “आते बरं शे.”

स्वयंपाकघरात नाणं वाजवून झालं. मोरीजवळच्या सात टाइल्स बद्द वाजतात, बाकीच्या टणक. सोमवारी जळगावला जाऊन माल बघतो. ग्रॅनाइट खरखरीत हवा तर दुकानात नक्की काय म्हणून मागायचा, तेवढं कुणी सांगा.