कॉलची वेळ गोळीवर ठरवा
चाळिशीतच पार्किन्सन्स (हालचाली मंदावणारा मेंदूचा आजार) झालेल्या एका शेतकऱ्याची अडचण अशी, की तालुक्यात त्याच्या वयाचा दुसरा पेशंट नाही अन् नागपूर लांब पडतं. अशांसाठी हे. पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळ किंवा मुंबईची पीडीएमडीएस, या पार्किन्सन्सच्या पेशंटांसाठी काम करणाऱ्या संस्थांना फोन करून 'माझ्या वयाच्या माणसाशी जोडून द्या' असं स्पष्ट मागा. सत्तरीतल्यांना डवरणी (कोळपणी) कशी करू, पोरांना काय सांगू, हे प्रश्न नसतात. चार-पाच जण मिळाले की आठवड्याला ३० मिनिटांचा व्हॉट्सॲप कॉल पुरे. वेळ मात्र लेव्होडोपाचा (पार्किन्सन्सच्या गोळीचा) असर चढलेला असतानाची. तो उतरला की आवाज बारीक होतो, चेहरा गोठतो, अन् समोरच्याला वाटतं याला बोलायचंच नाही. रेंज कमी असेल तर व्हिडिओ बंद. दुसऱ्याचा डोस ऐकून आपला कधीही बदलू नका. न्यूरॉलॉजिस्टकडेही आपला नंबर देऊन ठेवा, तरुण पेशंट आला तर त्याला द्यायला.