सोसायटी ग्रुप : टँकर, विहिरी आणि कॉलरी (कोळशाची खाण)

मोहुर्ले काकू (प्लॉट ३): आमची मोटर सकाळपासून नुसती हवा खाऊन राहिली. विहिरीत पाइपाच्या टोकाचा फुटवॉल उघडा पडला. आज नोव्हेंबरची १२ तारीख आहे, मे महिना नाही. मी मागच्या वर्षीच सांगितलं होतं. असो.

सेक्रेटरी: काकू, टँकर सांगितला आहे. ज्यांचे मागचे टँकरचे पैसे बाकी आहेत त्यांनी कृपया आज जमा करावेत 🙏

प्लॉट ११: नाव घ्या ना सरळ. सगळ्यांना कळते कोणाबद्दल आहे.

सेक्रेटरी: मी कोणाचंच नाव घेतलं नाही साहेब.

ओव्हरमन काका (खाणीतले सुपरवायझर): टँकरनं काय होते जी. आपल्या बाजूच्या पॅनलमध्ये, म्हणजे खाणीच्या भागात, डिपिलरिंग सुरू आहे, छताला टेकू म्हणून ठेवलेले कोळशाचे पिलर काढून राहिले. पिलर काढला की छत खाली गोफात, म्हणजे रिकाम्या झालेल्या जागेत बसते, वरच्या दगडाला भेगा जातात आणि पाणी तिकडं उतरते. खालून पंप रात्रंदिवस ते उपसून नाल्यात सोडते. आमच्या वेळी वर्धा नदीची वाळू त्या रिकाम्या जागेत भरत, स्टोइंग म्हणत. छत इतकं बसत नसे.

मोहुर्ले काकू: आमची विहीर १९८६ ची आहे. ४० फूट. कधी आटली नाही.

निखिल (प्लॉट ९): काकू, पाणी किती फुटावर आहे ते मोजलं का?

मोहुर्ले काकू: मोजायचं काय त्यात? पाणी नाही आहे!

निखिल (प्लॉट ९): म्हणूनच मोजायचं. पर्यावरण मंजुरीत अट असते, खाणीच्या उपशामुळे आसपासच्या विहिरी आटल्या तर पाणी खाणीनं पुरवायचं. विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजायची, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर, जानेवारी. दर सहा महिन्यांनी अहवाल द्यायचा. आपल्या कॉलरीचा मी काढून वाचला. त्यात पाच विहिरी आहेत, पाचही नाल्याच्या पलीकडच्या. आपल्या बाजूची एकही नाही.

सेक्रेटरी: अट आहे तर मग आपण टँकरचे पैसे काहून भरून राहिलो?

निखिल (प्लॉट ९): कारण "उपशामुळे" हे दाखवावं लागते. ते म्हणतील पाऊस कमी, बोअर जास्त. आपल्याकडे एक आकडा नाही. विहिरी मोजा.

मोहुर्ले काकू: बोअर जास्त हे मात्र खरं. कोणाचा ३५० फुटाचा आहे आणि रोज कोणाची गाडी धुतली जाते, मी बोलत नाही.

प्लॉट ११: गाडी आठवड्यातून एकदा धुतो काकू. बोअर माझ्या पैशाचा, माझ्या प्लॉटवर.

सेक्रेटरी: तसं २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरच्या खाली गेलं की ती खोल विहीर धरतात. म्हणजे २०० फूट.

प्लॉट ११: खोल विहिरीवरची बंदी सरकारनं अधिसूचित केलेल्या क्षेत्रात लागू होते. अर्धा कायदा सांगू नका.

प्लॉट ११: हा संदेश काढून टाकला

मोहुर्ले काकू: वाचला आम्ही.

बंटी (प्लॉट ७): पाटणसावंगीच्या खाणीचं पाणी शुद्ध करून बाटलीत भरलं होतं ना, कोल नीर. टँकरऐवजी तेच मागवा 😂

ओव्हरमन काका: हसू नको बाप्पा. मी ३१ वर्षं खाली तेच पाणी प्यायलो.

प्लॉट १४ ताई: आमच्या माहेरी कॉलरीचं पाणी नळाला सोडतात. डाळ शिजत नाही त्यात. पाणी मिळालं तरी तपासून घ्या. विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत पाहिजेत.

मोहुर्ले काकू: आमच्या मागच्या भिंतीलाही भेग गेली आहे. २०२२ ला घुग्घुसला अमराई वॉर्डात अख्खं घर जमिनीत गेलं होतं, विसरू नका.

सेक्रेटरी: काकू, भीती पसरवू नका. इथे दोन प्लॉट विकायला काढले आहेत.

मोहुर्ले काकू: अच्छा, म्हणजे हे कारण आहे.

ओव्हरमन काका: एक बोलतो. अर्ज द्या, पण कंपनीला शिव्या नको. या लेआउटचे निम्मे प्लॉट कॉलरीच्या पगारावर घेतले आहेत. माझा पण.

प्लॉट १४ ताई: शिव्या कोणी दिल्या काका? पगार तुमचा, विहीर सगळ्यांची.

निखिल (प्लॉट ९): विहिरी मोजा. रात्री मोटर बंद ठेवा, सकाळी ६ ला टेपला वजन बांधून सोडा, कठड्यापासून पाण्यापर्यंत. तारखेसह फोटो टाका. भूजल सर्वेक्षणच्या ऑफिसला आणि कलेक्टर ऑफिसला तेच जोडू. २०२० च्या नियमांप्रमाणे खाणीला उपशासाठी केंद्रीय भूजल प्राधिकरणाची एनओसी लागते, किती पाणी काढलं त्याचं मीटर लागते. ते आकडे माहिती अधिकारात मागतो.

बंटी (प्लॉट ७): सकाळी ६ ला? थंडीत?

निखिल (प्लॉट ९): विहिरी मोजा.

---

मोहुर्ले काकू: ३८ फूट २ इंच. यांनी टेप धरला, मी बॅटरी. फोटो टाकते.

प्लॉट १४ ताई: आमची ३६ फूट ९ इंच.

ओव्हरमन काका: ३७ बरोबर. तारीख लिहिली.

निखिल (प्लॉट ९): 👍 बोअरवाले?

प्लॉट ११: माझ्या बोअरची टोपी वेल्डिंग केलेली आहे, मोजता येत नाही.

मोहुर्ले काकू: वा.

बंटी (प्लॉट ७): शुभ सकाळ 🌹 आत्ता उठलो. काय ठरलं?

सेक्रेटरी: टँकर गेटवर उभा आहे. टाक्याची चावी कोणाकडे आहे?