मैत्रिणीला आडनाव विचारलं आणि मी गप्प बसले

दांडियाबाजारवाली:
संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ऑफिसातल्या मैत्रिणीला पहिल्यांदाच घरी बोलावलं. सासूबाईंनी वाण देता देता आडनाव विचारलं, मग मूळ गाव, मग "म्हणजे तुम्ही कोण?" ती सरळ म्हणाली आम्ही बौद्ध. नंतर सगळ्यांना चहा कपात आणि तिला एकटीला कागदी ग्लासात. तिने बघितलं, मी पण बघितलं, आणि मी तिळगूळ वाटत राहिले. आता ती नीट बोलते पण डबा वेगळ्या टेबलवर खाते. माफी कशी मागू, मी पण तशीच आहे असं तिला वाटायला नको. ८ मार्चला मंडळात हा किस्सा सांगू का?

जुना बडोदेकर:
कप कमी पडले असतील हो, आजकाल कोण जात पाळतं.

फाफडा_पोहे:
काका, कमी पडले ते नेमके तिच्याच वेळेला? आपल्याच बडोद्यात १९१७ ला बाबासाहेब अमेरिकेत, लंडनला शिकून सयाजीरावांच्या नोकरीत आले, तर शिपाई फायली लांबून टाकायचे, आणि पारशी धर्मशाळेतून लोकांनी काठ्या घेऊन बाहेर काढलं. गाडीची वेळ होईपर्यंत कमाटी बागेत बसून राहिले. तिथेच आपण सकाळी चालायला जातो.

निळी_ओढणी:
मी तिच्याच समाजाची, म्हणून स्पष्ट लिहिते. माझी एक मैत्रीण माफी मागताना इतकी रडली की मीच तिला पाणी आणून दिलं 😅 तू एवढंच म्हण, मी बघितलं आणि गप्प बसले, चुकलं माझं. ती पुढे बोलली तर ऐक, नाही बोलली तर सोड, डबा तुझ्या टेबलवर आणायची तिला सक्ती नाहीये. आणि मंडळात तिचा किस्सा तिला न विचारता अजिबात नको. बोलायचंच तर तुमच्या घरच्या कपांवर बोल. आमच्या बायका २० जुलै १९४२ ला नागपुरात स्वतःची परिषद भरवून बोलल्यात, अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. आम्हाला आवाज द्यायची गरज नाही गं, तुमच्या स्वयंपाकघरात आम्ही नसतो तेव्हा तू तोंड उघड. कामवाल्या मावशींचा कप कुठे असतो तुमच्याकडे?

दांडियाबाजारवाली:
खिडकीत असतो. खरंच कधी लक्षातच आलं नव्हतं, लाज वाटली. काल रॅकमध्ये आमच्या कपांत ठेवला, सकाळी बघते तर परत खिडकीत. सासूबाईंना म्हटलं आई, हा इथेच राहणार, त्या काही न बोलता देवघरात गेल्या. मी परत रॅकमध्ये ठेवलाय. मैत्रिणीशी उद्या बोलते.